सार्वजनिक आरोग्य संशोधनात नव्यानं येताय? पगार, फेलोशिप आणि अकरा महिन्यांच्या ऑर्डरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की फोन सुरू होतात. आवाज अनोळखी, प्रश्न ओळखीचे. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून या कामात आले, काही वर्षं फील्डवर होते, आता पुण्यात प्रोजेक्टांवर काम करते. एकेका प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात समोरच्याची बस तरी येते, नाहीतर माझी मीटिंग तरी सुरू होते. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. यातल्या तारखा आणि अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी मूळ जाहिरात वाचायचीच.

मी डॉक्टर नाही. मला या क्षेत्रात कोण घेणार?

बरेच जण घेतील. एका मध्यम आकाराच्या अभ्यासाला एक-दोन डॉक्टर लागतात. बाकी सगळे वेगळे असतात: संख्याशास्त्राचा पदवीधर, एमएसडब्ल्यू, नर्सिंगवाली, मानववंशशास्त्र किंवा अर्थशास्त्रातून आलेली मुलं, डेटा सांभाळणारा, आणि गावातली नाती जपणारी पर्यवेक्षक. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेले तर भरपूर. एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या वर्गात डोकावलात तर निम्मी बाकं त्यांनीच भरलेली दिसतील.

डॉक्टर नसण्याचा तोटा एकाच ठिकाणी जाणवतो, तो पगारात. त्याचा आकडा पुढे येईल.

नोकरी किंवा फेलोशिप मिळाली तर सगळ्यात आधी काय विचारू?

पैसा कोणाच्या नावावर येतोय, हे विचारा. बाकी सगळं नंतर.

या क्षेत्रातला पैसा तीन वाटांनी येतो. पहिल्या वाटेनं तो तुमच्या नावावर येतो, म्हणजे फेलोशिप. गाइडशी बिनसलं, संस्था बदलली, तरी (नियमात बसवून) तो तुमच्याबरोबर येऊ शकतो. दुसऱ्या वाटेनं तो प्रमुख संशोधकाच्या प्रोजेक्टला मिळतो आणि तुम्ही त्या प्रोजेक्टचे कर्मचारी असता. प्रोजेक्ट संपला की तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी खुर्ची जाते. तिसऱ्या वाटेनं तो सरकारी यंत्रणेतून, मंजूर पदावर येतो, कायम किंवा कंत्राटी.

मला हे कळायला चार वर्षं गेली. माझ्या पहिल्या नोकरीत ऑफर लेटरवर मोठ्या संस्थेचं नाव पाहून घरी पेढे वाटले होते. दीड वर्षानं निधी संपला आणि त्याच संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र आलं. संस्थेची चूक नव्हती. ती जागा त्यांची नव्हतीच, प्रोजेक्टची होती, आणि ते मी विचारलं नव्हतं.

म्हणून मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतील तेव्हा लाजू नका. निधी कोणाचा आहे, किती वर्षांचा मंजूर आहे, त्यातली किती संपली, मुदतवाढ अपेक्षित आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. कोणी वाईट मानत नाही. जो मानतो त्याच्याकडे तसंही जाऊ नका.

प्रोजेक्टवरच्या जागांना पगार किती असतो?

आयसीएमआरच्या म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रोजेक्टांत ठरलेली श्रेणी आहे आणि बऱ्याच संस्था तीच धरून चालतात. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट एक, दोन आणि तीन यांना महिना अनुक्रमे १८,०००, २०,००० आणि २८,००० रुपये. प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट एक या पदाला डॉक्टर नसलेल्यांसाठी ५६,०००, डॉक्टरांसाठी ६७,०००. वर सांगितलेला फरक तो हा.

यावर घरभाडे भत्ता मिळतो आणि तो शहरावर ठरतो. पुणे-मुंबई पहिल्या गटात, ३० टक्के. नागपूर, नाशिक दुसऱ्या गटात, २० टक्के. गडचिरोली तिसऱ्यात, १० टक्के. म्हणजे ५६,००० ची जागा पुण्यात ७२,८०० ची होते आणि २८,००० ची नागपुरात ३३,६०० ची. जाहिरातीत नुसता मूळ आकडा असेल तर भत्ता धरलाय की नाही ते विचारून घ्या. सगळे निधी देणारे तो देत नाहीत.

स्वयंसेवी संस्थांत ठरलेली श्रेणी नसते. तिथे बोलणी करावी लागतात आणि आपली मुलं बोलणी करत नाहीत, ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. निदान आयसीएमआरची श्रेणी तोंडपाठ ठेवा, म्हणजे ‘द्याल ते’ला काहीतरी खालची रेघ असेल.

या जागा निघतात कुठे?

वर्तमानपत्रात फारशा नाहीत. संस्थांच्या वेबसाइटवर, कोपऱ्यात, आठ-दहा दिवसांच्या मुदतीनं. बरेचदा थेट वॉक-इन: सकाळी नऊला झेरॉक्सची फाइल घेऊन हजर राहायचं, दुपारपर्यंत लेखी, संध्याकाळी मुलाखत.

महाराष्ट्र या बाबतीत नशीबवान आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि भोसरीची एड्स संशोधन संस्था (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘नारी’च), मुंबईत परळची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आणि रक्तविकारांवर काम करणारी इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, या सगळ्या आयसीएमआरच्या. देवनारला आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून तिथूनच चालतं. मोठी सर्वेक्षणं आली की तिथे प्रोजेक्ट ऑफिसरच्या जागा निघतात. तिथून हाकेच्या अंतरावर टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग साथरोगशास्त्राचं केंद्र.

आता शहराबाहेर पाहा, कारण काम शिकायला मिळतं ते तिथेच. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर शिरूर तालुक्यात वढूच्या परिसरातल्या बावीस गावांत २००२ पासून प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवतं. गडचिरोलीत ‘सर्च’ ही स्वयंसेवी संस्था १९८६ पासून आहे. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढे देशभरात आशाताईंच्या कामाचा भाग झाली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा सामुदायिक वैद्यक विभाग, मुंबईत ‘सेहत’ आणि ‘स्नेहा’, पुण्यात ‘साथी’ आणि ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्था. गोव्यात ‘संगाथ’ १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करतं. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून घेता येतात का, हे त्यांनी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत पडताळून पाहिलं. कोकणी-मराठी दोन्ही बोलणाऱ्यांना तिथे साहजिकच सोपं जातं.

पहिली दोन वर्षं फील्डवर काढा, असं मी सगळ्यांना सांगते. नंतर पुण्यात एसीत बसून प्रश्नावली लिहिताना कोणता प्रश्न दारात उभं राहून विचारता येत नाही, हे त्यांनाच कळतं ज्यांनी तो कधीतरी विचारून पाहिलाय.

सरकारी आरोग्य खात्यात संशोधनाचं काम असतं का?

नावानं कमी, कामानं बरंच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, डेटा व्यवस्थापक अशी पदं असतात. पुण्यातल्या राज्य आरोग्य प्रणाली संसाधन केंद्रात आणि दिल्लीच्या एनएचएसआरसीमध्ये (असंच राष्ट्रीय केंद्र) सल्लागारांच्या जागा निघतात. एमबीबीएस आणि पुढचं शिक्षण झालेल्यांसाठी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं दोन वर्षांचं साथरोग तपासणीचं प्रशिक्षण आहे, २०१२ पासून. साथ आली की बॅग उचलून निघायचं, असं ते काम. ज्यांना झेपतं त्यांना त्यानंतर नोकरी शोधावी लागत नाही.

अकरा महिन्यांची ऑर्डर म्हणजे काय? त्यावर घर चालतं का?

अकरा महिने काम, एखाद-दोन दिवसांचा ब्रेक, पुन्हा नवी ऑर्डर. सलग सेवा दिसू नये म्हणून ही रचना, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर कोणीच लिहीत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात लोकांनी अशा ऑर्डरींवर पंधरा-पंधरा वर्षं काढली आहेत. दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं.

घर चालतं. गृहकर्ज मात्र मिळत नाही, हा माझा अनुभव. बँकेतल्या बाईंनी ऑर्डर पाहिली, शेवटची तारीख पाहिली आणि फाइल प्रेमानं परत केली. ज्या वर्षी ऑर्डर हातात असेल त्या वर्षी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायची सवय लावून घ्या. आणि प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक रिलीव्हिंग लेटर, प्रत्येक अनुभव प्रमाणपत्र तेव्हाच्या तेव्हा घ्या. प्रोजेक्ट बंद झाल्यावर सही करणारा माणूसच सापडत नाही.

नेट (यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायची तर विषय कोणता? यादीत ‘पब्लिक हेल्थ’ दिसत नाही.

‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ या नावानं शोधा. एमपीएच झालेल्या कितीतरी मुलांना हा विषय आहे हेच ठाऊक नसतं आणि ती सोशल वर्क किंवा पॉप्युलेशन स्टडीज घेऊन झगडत बसतात. (एमएसडब्ल्यूवाल्यांनी सोशल वर्क घ्यावा, तो त्यांचाच.) परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. तीन तास, दीडशे प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही.

नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. वयाची अट तीस वर्षं. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचा गुणांक पीएचडी प्रवेशासाठी धरला जाऊ शकतो. मात्र ‘फक्त पीएचडीसाठी पात्र’ हा शिक्का एक वर्षच चालतो.

नेटचं खरं मोल पैशात नाही. पैसा तुमच्या नावावर आहे म्हटल्यावर गाइड तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप सार्वजनिक आरोग्याच्या पीएचडीला मिळते का?

मिळते. विषयापेक्षा तुमचा प्रवर्ग आणि पीएचडीची नोंदणी पाहिली जाते. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी गटासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. पूर्ण वेळ संशोधन करायचं, दुसरी नोकरी नाही, ही अट सगळीकडे. म्हणजे प्रोजेक्टवरचा पगार आणि ही फेलोशिप एकत्र घेता येत नाही. काही जण घेतात आणि नंतर वसुलीची नोटीस आली की मला फोन करतात.

भरवसा किती ठेवायचा? बेताचा. किती जणांना फेलोशिप द्यायची यावरून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांसाठी सामाईक चाळणी परीक्षा झाली, तर तिच्यात २०१९ च्या सेटचाच (राज्य पात्रता परीक्षेचा) पेपर आला. फेरपरीक्षेवर मुलांनी बहिष्कार टाकला. अर्ज जरूर करा, पण घरभाड्याचा करार या फेलोशिपच्या जोरावर करू नका.

फेलोशिपचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. माझे एकदा नऊ महिने आले नव्हते. त्या काळात मी शिकवण्या घेतल्या आणि मुलाखतींचं शब्दांकन करून दिलं. मराठी मुलाखती ऐकून उतरवणारी, वर त्यांचं इंग्रजी करून देणारी माणसं या क्षेत्राला कायम हवी असतात.

उशिराचं कारण बरेचदा वर दिल्ली-मुंबईत नसतं, आपल्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर असतं. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेलेलं नसतं, हजेरीवर विभागप्रमुखांची सही राहिलेली असते, सहामाही प्रगती अहवाल गाइडच्या टेबलावर असतो. लेखा विभागातल्या ज्या माणसाकडे तुमची फाइल असते त्याचं नाव, जेवणाची वेळ आणि रजेचे दिवस माहीत असू द्या. याला लाचारी समजू नका, याला पाठपुरावा म्हणतात.

एमबीबीएस किंवा बीएएमएस करतानाच संशोधनाची चव घेता येईल?

एमबीबीएस-बीडीएससाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, १९७९ पासून चालू. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास, ५०,००० रुपये. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी सीसीआरएएसची, म्हणजे केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची ‘स्पार्क’ आहे, तिचीही रक्कम तेवढीच. दोन्हीकडे विषय असा घ्या की दोन महिन्यांत, एका ओपीडीत किंवा एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत संपेल. ‘महाराष्ट्रातील मधुमेह’ असं शीर्षक दिसलं की तपासणारा पुढचं पान उलटत नाही.

पीएचडीसाठी संस्था पाहावी की गाइड?

गाइड. शंका असेल तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठा आणि एकच विचारा: शेवटचा प्रबंध किती वर्षांत जमा झाला?

पीएचडी किंवा एमडी झाली. आता स्वतःच्या नावावर अनुदान कसं मिळवायचं?

आता सुरुवातीचा प्रश्न परत येतो, जरा वेगळ्या रूपात: तुमच्याकडे कायम नोकरी आहे का?

आहे, तर दारं बरीच उघडी आहेत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान (२०२३ च्या कायद्यानं आलेलं, संशोधनाला निधी देणारं जुनं मंडळ ‘सर्ब’ त्यात विलीन झालं) नव्या प्राध्यापक-संशोधकांना तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत अनुदान देतं. वयोमर्यादा ४२, राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत. आयसीएमआरची लहान अनुदानं २ कोटींपर्यंत जातात. ‘लहान’ हा शब्द त्यांचा, माझा नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण सहायक प्राध्यापकांना हे ठाऊक असतं, पण ओपीडी, लेक्चर आणि महाविद्यालयाच्या तपासणीच्या वेळी शिक्षकांची डोकी मोजण्याच्या धावपळीत अर्ज लिहायला वेळ मिळत नाही. स्वयंसेवी संस्थेतून आयसीएमआरकडे जायचं तर संस्थेची डीएसआयआरकडे (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) संशोधन संस्था म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर उत्तम प्रस्तावही दारातून परत येतो. संस्थेत रुजू होतानाच विचारून ठेवा.

कायम नोकरी नसेल तर माझ्या मते सगळ्यात चांगलं दार इंडिया अलायन्सचं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची ही भागीदारी २००८ पासूनची. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली, एकूण १,५०० कोटींची, त्यातले १,००० कोटी सरकारचे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या फेलोशिपमध्ये वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांसाठी वेगळा प्रवाह आहे. पगार त्यातूनच येतो आणि तुम्हाला सामावून घ्यायला तयार असलेली भारतीय संस्था तुम्ही निवडायची. पैसा तुमच्या नावावर. स्पर्धा अर्थातच तशीच, आणि मुलाखतीत तुमची कल्पना अक्षरशः सोलून काढतात. पहिल्यांदा नाकारलं तर आलेले शेरे जपून ठेवा. तेवढं बारीक वाचन पीएचडीच्या परीक्षकांनीही केलेलं नसतं.

प्रस्तावात नवखे लोक कुठे चुकतात?

प्रस्तावनेत नाही. ती सगळे छान लिहितात, ‘भारत हा विकसनशील देश असून’ वगैरे. चुकतात ते वेळापत्रकात आणि बजेटमध्ये.

बीडच्या गावांत डिसेंबरात घरोघर सर्वेक्षण ठेवलेला एक प्रस्ताव मी वाचला होता. दिवाळीनंतर तिथली घरंच्या घरं ऊसतोडीला गेलेली असतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर दाराला कुलूप, नाहीतर घरात नुसती म्हातारी माणसं. नमुना कितीही शास्त्रशुद्ध काढा, ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे तीच माणसं त्यात नसणार. तसंच भामरागडचं काम जुलैत धरणं. पुरानं रस्ता बंद झाला की तुमची टीम आणि तुमचा प्रस्ताव दोन्ही अलीकडच्या काठावर. निवडणुकीची आचारसंहिता, शाळेच्या सुट्ट्या, आशाताईंचा संप, लसीकरणाचे बुधवार-गुरुवार, हे सगळं कॅलेंडरवर मांडून मगच महिने मोजा.

बजेटमध्ये दुचाकीचं पेट्रोल, पर्यवेक्षकाचा फोन, प्रश्नावलीच्या भाषांतराचा आणि ते उलट इंग्रजीत करून तपासण्याचा खर्च, आणि ज्या बाईची तास-दीड तास मुलाखत घेणार तिची त्या दिवशीची बुडालेली मजुरी, या गोष्टी राहून जातात. लॅपटॉप मात्र तीन असतात. तपासणाऱ्याला यावरून लगेच कळतं की हा माणूस गावात कधी गेलाय की नाही.

नैतिक समितीची मंजुरी, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयची (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची) नोंदणी: यांना किमान चार महिने धरा. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. त्याला आणखी.

अमेरिकेचे पैसे थांबले म्हणतात. आमच्यावर काय परिणाम?

झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि त्याच वर्षी १ जुलैला ती मदत देणाऱ्या यूएसएड या संस्थेचं कामच संपलं. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या प्रकल्पांतली माझ्या ओळखीची माणसं एका आठवड्यात घरी बसली. अनेक देशांत लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणं चालवणारा, आपल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा संशोधकांना ज्याच्या वेबसाइटवरून मिळायचा तो कार्यक्रमही फेब्रुवारीत थांबला. मे महिन्यात अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत बंद केली.

त्याआधी आपल्याकडे २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा कायदा बदलला होता. परदेशी निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी दिल्लीची मोठी संस्था निधी आणायची आणि नंदुरबारच्या छोट्या संस्थेला त्यातला वाटा द्यायची. ती साखळी तुटली. सगळ्यात जास्त झळ बसली ती तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या मुलामुलींना, ज्यांचं नाव कोणत्याच पेपरवर नसतं.

आज नव्यानं येणाऱ्याला मी भारतीय निधीवर चालणारं काम आधी पाहायला सांगेन. परदेशी निधीची नोकरी वाईट नसते, पण ती घेताना निधीबद्दलचे ते सुरुवातीचे चार प्रश्न दुप्पट आवाजात विचारा.

एमपीएच परदेशात करावं की इथे?

पदरचे ३०-४० लाख घालून, कर्ज काढून, फक्त एमपीएचसाठी जाऊ नका. शिष्यवृत्ती मिळत असेल तर खुशाल जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू आहेतच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दर वर्षी ७५ जणांना मिळते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी, तिच्या १२५ जागा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं.

इथे करायचं तर टिस, पुणे विद्यापीठ, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, गांधीनगरची आयआयपीएच, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच १९९७ पासून आहे. निवडताना फी नंतर पाहा. प्रबंधासाठी किती महिने फील्डवर पाठवतात, ते आधी पाहा.

लग्न, बाळंतपण यात तीन वर्षं गेली. परत येता येईल?

येईल. खंड पडलेल्या महिलांसाठी आरोग्य संशोधन विभागाची फेलोशिप आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ आहे. बायोडेटात ती तीन वर्षं लपवू नका. एक ओळ सरळ लिहा.

नोकरीसाठी, पेपर छापण्यासाठी पैसे मागतात. द्यायचे का?

नोकरीसाठी एक रुपयाही नाही. ‘नोंदणी शुल्क’ भरायला सांगून मेलवर ऑफर लेटर आलं की ते बनावट समजा. पेपरचं थोडं वेगळं आहे, काही चांगली नियतकालिकंही शुल्क घेतात. पण ‘आठ दिवसांत छापू’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. यूजीसीनं आपली केअर यादी (मान्य नियतकालिकांची) २०२५ मध्ये बंद केल्यापासून चांगलं-वाईट ओळखायची जबाबदारी तुमचीच आहे. मुंबईहून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ लेखकांकडून पैसे घेत नाही आणि नव्या लेखकांशी नीट वागतं. तिथे पाठवून बघा.

माझं शिक्षण मराठीत झालं. मुलाखतीत इंग्रजी अडखळतं. काय करू?

मुलाखतीला जाताना केलेल्या कामाचा एक प्रसंग इंग्रजीत पाठ करून जा. साधी वाक्यं, वर्तमान आणि भूतकाळ, बस. आणि मराठीचं काम कुठे केलंत ते आपणहून सांगा. नैराश्याच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर घेऊन आम्ही एकदा गेलो होतो. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला खिन्न वाटलं का?’ दहा बायकांनी ‘नाही’ सांगितलं. अकरावीनं विचारलं, ‘खिन्न म्हणजे काय गं?’ मग आम्ही ‘कशातच मन लागत नाही, असं होतं का?’ असं विचारायला लागलो. पहिल्या दहा घरी दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.